माडाखाली पुरलेली गाठ

आमच्या पार्शात, म्हणजे गोव्यातल्या पेडण्याकडच्या पार्से गावात, बायकांच्या अंगाची खबर डॉक्टरच्या आधी मला लागते, कारण वाड्यावरचे ब्लाउज मी शिवते. कोणाला दिवस गेले, कोणाची सासू पोटभर जेवू देत नाही, कोण नवरा मुंबईला गेल्यापासून सुटलीय, हे सगळं टेप सांगते. मी फक्त पुढे पोचवते. माझ्या नवऱ्याने मला ‘आकाशवाणीचं पार्से केंद्र’ असं नाव ठेवलंय, आणि बातम्या लागल्या की सगळ्यांच्या पुढे तोच बसतो.

देवकीची खबर मात्र मी पोचवली नाही. म्हणजे तेव्हा नाही. आता तीच म्हणाली, “वैनी, लिही. तशीय तू सांगत सुटलेलीच असतलंस.” म्हणून लिहिते.

देवकी माझी शेजारीण. आमच्या दोन परसांमध्ये एक कुडाची वई, म्हणजे कुंपण आहे, आणि त्या वईला देवकीच्या सासूने मीठ-मिरची देण्याघेण्यासाठी भोक पाडलंय. देवकीचं माहेर आमोण्याचं. अंगाने उंच, कामाला वाघीण, आणि तोंडात एकच शब्द: मागीर. मागीर म्हणजे नंतर. जेवण मागीर, झोप मागीर, पाय मुरगळला तर तेल मागीर. दोन मुलं वाढवली, थोरल्या सिद्धीला डिचोलीला दिली, तरी बाईचं स्वतःचं काही म्हणून मागीरच राहिलं होतं.

नवरा सगुण. काजू आणि माडांची बागायत, हंगामात हुर्राकाची, म्हणजे काजूच्या दारूची भट्टी, आणि बाराही महिने भाषेचं भांडण. त्या वर्षांत गोव्यात कोकणी की मराठी यावरून भावाने भावाशी अबोला धरला होता. सगुण मराठीवाला. रोज केस कापायच्या दुकानात जाऊन मराठीच्या बाजूने तावातावाने भांडायचा, आणि ते सगळं भांडण कोकणीतून करायचा.

आणि सगुणाची आई सरस्वती. वाड्यावरच्या निम्म्या पोरांच्या नाळी तिने पुरलेल्या. बाळ जन्मलं की त्याची नाळ घरच्या मातीत पुरायची, वर पिंजर, आमचं कुंकू, घालायची, म्हणजे ते माणूस जगात कुठेही गेलं तरी घराला धरून राहतं. आमच्याकडचा हा रिवाज. सरस्वतीच्या लेखी माणसाच्या अंगातून जे सुटलं ते घरच्या मातीचं. दात पडला तरी ती पोराच्या मागे मागे फिरायची.

तर गोव्याचं राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षीची चतुर्थी. देवकीचं माप घेत होते. डावी बाजू उजवीच्या पुढे गेलेली.

“गो, ह्या काय? लिंबू लपवलंस की काय आत?”

“काय नाय गो. गाठ असा. दुखणा नाय.”

“दुखणा नाय म्हणान ठेवन घेतलंस? सगुणाक दाखयलंस?”

“त्याका काय कळता त्यातला? मागीर बघूया.”

मागीर म्हणजे दिवाळी गेल्यावर. म्हापशाला एका खाजगी डॉक्टरकडे मीच नेली. माणूस बरा होता. बोटांखालून गाठ सुपारीसारखी सटकत होती. तो म्हणाला, साधी गाठ आहे, तरुण बायकांना होते, काढून टाकू. चाळिशीला आलेल्या बाईला कोणी तरुण म्हटलं, त्या आनंदात तिने ऑपरेशनला मान हलवली असं मी अजून तिला चिडवते.

गाठ काढली. फणसातून गरा काढावा तशी अलगद निघाली. तेव्हा अशी वस्तू तपासायला न्यायचं काम घरच्याच माणसाचं असे. डॉक्टरने रुंद तोंडाच्या बाटलीत औषधी पाणी घालून त्यात गाठ बुडवली, झाकणाला चिकटपट्टी गुंडाळली आणि सगुणाच्या हातात दिली. “पणजीला तपासणीला पोचवा. रिपोर्ट घेऊन या.”

सगुण बाटली पिशवीत घालून निघाला, आणि नेमकं भाषेचं आंदोलन पेटलं. रस्त्यावर झाडं आडवी, बसगाड्या बंद, टायर जळतायत. ज्या भांडणात हा रोज तेल ओतत होता त्याच भांडणाने त्याची वाट अडवली. बाटली घेऊन तो घरी परत आला. पुढे रस्ते मोकळे झाले. टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरने विचारलं, “रिपोर्ट?”

“आला. चांगला आला,” सगुण म्हणाला. “घरी राहिला.”

डॉक्टर घाईत होता. देवकीने हात जोडले, मी कॅफेत बसून एक मिक्स भजी मागवली, आणि आम्ही तिघं ते दुखणं विसरून गेलो. म्हणजे मला तरी तसं वाटलं.

मे महिन्यात राज्य झालं. सगुणाला कळेना, राज्य मिळालं म्हणून हसावं, की राजभाषेच्या पाटावर मराठीला बसवलं नाही म्हणून रुसावं. मधला मार्ग म्हणून त्याने पेढे आणले आणि वाटले नाहीत. चतुर्थीला देवकी परत मापाला आली. मी टेप घातली आणि टेपच बोलायची थांबली.

“देवकी, परत?”

“साधीच गाठ ती. रिपोर्ट बरो इल्लो नाय?”

हा रिपोर्ट तिने असा कवटाळला होता की विचारू नका. कोणी काही म्हटलं की रिपोर्ट पुढे करायची. चतुर्थी झाली, दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. आमोण्याला जत्रेला गेली तेव्हा भावजयीने पाठीमागून मिठी मारली आणि हात मागे घेतला. तरी बाई म्हणे, काजू पडू दे, काजू संपू दे, मग.

काजूच्या हंगामात ती गाठ शहाळ्याएवढी झाली. कातडी ताणून चकचकीत, वर निळ्या शिरा. माझ्याकडचा एकही ब्लाउज बसेना, ती सगुणाचा शर्ट घालून बागेत जायची. डोक्यावर बोंडांची टोपली, ती धरायला उजवाच हात, डावा वर जाईना. दुपारी ती काजूच्या खोडाला टेकून उभ्याउभ्याच डोळे मिटायची. दुखतं का विचारलं तर म्हणायची, “दुखणा नाय गो. जड जाता. दुसऱ्या कुणाचातरी वजन घेवन फिरतंय असा वाटता.”

आणि सगुण? सगुण गप्प. केस कापायचं दुकान सुटलं, भांडण सुटलं, पहाटे उठून विहिरीवरून पाणी आणून ठेवायचा. मला वाटलं मेला सुधारला. मी त्याला म्हटलंसुद्धा, “सगुणा, बायकोचा पाणी भरतंस, मराठी हरली की काय?” तो कळशी उचलून परत विहिरीकडे गेला.

शेवटी एका सकाळी मी देवकीच्या डोक्यावरची टोपली काढून सरस्वतीच्या पुढ्यात आदळली आणि देवकीला पणजीच्या सरकारी इस्पितळात घेऊन गेले. सगुण मागोमाग आला.

पार्शाहून पणजी नकाशात बोटभर आहे. पण चोपड्याला उतरून फेरीबोट, पलीकडे शिवोलीहून बस, म्हापशाला बस बदलायची, आणि मांडवीवरचा पूल कोसळलेला असल्यामुळे बेतीला पुन्हा फेरीबोट. इस्पितळात पोचेपर्यंत निरोगी माणूस आजारी पडतो. मग केसपेपरची रांग, मग बाकावर बसण्याची रांग. देवकी बाकावर बसली आणि माझ्या खांद्यावर तिने डोकं टाकलं. इतक्या वर्षांत तिने माझ्यावर भार म्हणून टाकला तो हा पहिला.

डॉक्टर बाई होती, सासष्टीकडची, म्हणजे गोव्याच्या पार दुसऱ्या टोकाची. ती तिच्या कोकणीतून विचारायची, देवकी आमच्या पेडण्याच्या बोलीतून सांगायची, आणि दोघींचं एका शब्दाला अडलं नाही. भाषेचं भांडण पेपरात होतं, तिथल्या पडद्यामागे नव्हतं. तिचं बोलणं मी इथे माझ्या वळणाने लिहिते.

तिने बराच वेळ हात लावून पाहिलं. काखेत पाहिलं, तिथे काही नव्हतं. मग विचारलं, “आधी इथेच ऑपरेशन झालंय. त्या गाठीचा रिपोर्ट कुठे आहे?”

“घरी,” सगुण म्हणाला.

“पुढच्या खेपेला आणा. त्याच्याशिवाय मी आंधळी आहे.”

पुढच्या खेपेला रिपोर्ट वाळवीने खाल्लेला निघाला. त्याच्या पुढच्या खेपेला तो छप्पर गळून भिजलेला होता.

मी फेरीबोटीवर त्याला धरलं. “सगुणा, आधी वाळवी की आधी पाऊस? आणि पावसाक अजून महिनो असा मेल्या. छप्पर कित्यान गळला, घामान?”

देवकी कठड्याला धरून पाण्याकडे बघत होती. ती नुसती म्हणाली, “वैनी, ऱ्हवदे. असतलो खयतरी. मी ट्रंक सोधतंय.” आणि घरी येऊन तिने खरंच ट्रंक उपसली. लग्नाच्या साडीची घडीसुद्धा झटकून पाहिली. सगुण दारात उभा राहून बघत होता.

तोपर्यंत सुईने गाठीतलं थोडं काढून तपासलं होतं. सुईचं म्हणणं, साधी गाठ. डॉक्टरबाईची बोटं ते मानेनात. देवकीला तिने वॉर्डात भरती करून घेतलं आणि एका दुपारी, भेटीच्या वेळेला, आम्हा सगळ्यांना खाटेभोवती उभं केलं. सरस्वतीही आली होती, पेजेचा डबा आणि भाजलेले सुके बांगडे घेऊन. त्या वासाने अख्खा वॉर्ड उठून बसला होता आणि नर्स नाकाला पदर लावून फिरत होती.

“ऐका,” डॉक्टरबाई म्हणाली. “दोन शक्यता आहेत. ही साधी गाठ असेल तर मी फक्त गाठ काढीन, छाती राहील. पण एक दुसरी जात असते. शंभर बायकांच्या गाठी बघाव्या तेव्हा एखादी सापडते. वरून साध्या गाठीसारखी दिसते, सुईलाही फसवते, आणि भराभर वाढते. ती असेल तर नुसती गाठ काढून चालत नाही. भोवतीचं चांगलं मांस बोटभर सोबत काढावं लागतं. नाही काढलं तर तिथेच परत येते, आणि परत येताना कधी कधी वाईट होऊन येते. हिची एवढी मोठी आहे की भोवतीचं काढायचं म्हणजे छातीच काढावी लागेल.”

देवकी म्हणाली, “पयलो रिपोर्ट बरो होतो. साधीच असा. गाठ तेवढी काढा, बाई.”

“मला तो रिपोर्ट दिसू दे. कुठे तपासली होती सांगा, मी तिथून नक्कल मागवते.”

सगुणाने चपलांकडे पाहिलं. चपला काही बोलल्या नाहीत.

“ती गाठ माडाखाली असा,” सरस्वती म्हणाली.

कोणाला काही कळलं नाही. नर्ससुद्धा पदर नाकावरून काढून थांबली.

“खयच्या माडाखाली?” मी विचारलं.

“गोठ्याकडच्या. नवो लावलंय तो.” म्हातारी डब्याचं झाकण लावत होती. “रस्ते बंद म्हणान ह्यो ती घेवन परत इलो. फडताळात ठेवलान. दोन दिस मी सोसलंय. माणसाच्या अंगाचो तुकडो काय लोणच्यासारखो ठेवतत? त्याच छातीन माझी नातवंडां वाढली. खयच्यातरी गटारात फेकतले ती, तपासान झाली की. म्हणान मी घरच्या मातीक दिलंय. पिंजर घातलंय, वर माड लावलंय. म्हटलं, हिचा दुखणा घरातसून भायर जावचा नाय आणि हीय जावची नाय.”

देवकीने सगुणाकडे पाहिलं. “आणि तुमी?”

“आवशीक काय बोलतलंय?” सगुण पुटपुटला. “माती उकरूक भिलंय. टाके बरे झाले, तू बरी दिसत होतंस... म्हटलं साधीच असतली.”

“चांगलो इलो म्हणालात. तुमच्या त्या चांगल्यावर मी वरीसभर बसलंय.”

तिने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. सगुण खांबाला टेकला आणि मला एकही टोमणा सुचेना. माझ्यावर असा प्रसंग फार येत नाही.

डॉक्टरबाईने मात्र कोणाला काही म्हटलं नाही. खाटेच्या कडेवर बसली आणि सरस्वतीला विचारलं, “आजी, बाटलीतून काढून पुरलीत की बाटलीसकट?”

“बाटलीसकट. ता झाकण माका उघडूकच नाय.”

“आत पाणी होतं?”

“होता. डोळ्यांका झोंबणारा.”

“आजी,” डॉक्टरबाई म्हणाली, “बाटली फुटलेली नसेल तर ती गाठ अजून आहे तशीच असेल. खणून काढा आणि मला आणून द्या.”

पुरलेली नाळ कोणी उकरत नाही. उकरली तर ते माणूस घराला सुटतं म्हणतात. पेजेचा डबा तसाच पोटाशी धरून सरस्वती देवकीकडे बघत राहिली.

देवकी म्हणाली, “आई, खणा. सुटतलंय तर सुटतलंय. आता माका ह्या वजन होया नाय.”

दुसऱ्या दिवशी खणलं. माड कमरेएवढा झाला होता, छान तजेलदार. सगुणाने पिकाव उचलला तर सरस्वतीने हात धरला. “पिकाव नको. फुटात.” मग त्याने गुडघ्यांवर बसून कोयत्याच्या टोकाने आणि हातांनी माती काढली. माड मुळांसकट उचलून बाजूला ठेवला. म्हातारी देवाचं काही पुटपुटत होती, मी वईच्या भोकातून नव्हे, या खेपेला चांगली समोर उभी राहून बघत होते. बाटली आडवी सापडली. चिकटपट्टी काळी पडली होती, पण सुटली नव्हती. सगुणाने ती धोतराला पुसली आणि उन्हात धरली. पाणी होतं. त्यात ती होती, करड्या रंगाची, सुरकुतलेली. मी बघितलं आणि मला बघायला नको होतं असं झालं.

या खेपेला बाटली पणजीला पोचवायला मी स्वतः बरोबर गेले, पोलीस म्हणून. फेरीबोटीवर एकाने सगुणाच्या मांडीवरची पिशवी बघून विचारलं, “काय रे, हुर्राक काय?” सगुणाने पिशवी छातीशी धरली आणि पलीकडचा काठ येईपर्यंत मान वर केली नाही.

उत्तर यायला बरेच दिवस गेले. तपासनीसाने आधी म्हणे विश्वासच ठेवला नाही की ही वस्तू जमिनीतून आली. मग काप काढून काचेखाली बघितले. डॉक्टरबाईने आम्हाला कागदावर पेनाने काढून दाखवलं: कोबीचा गड्डा मधून चिरला की पानं एकमेकांत शिरलेली दिसतात ना, तसं आतलं दिसत होतं. त्या जातीची ती खूणच. फायलोड्स असं काहीसं तिचं नाव. पहिल्या दिवसापासून तीच होती. आणि कापाच्या कडेपर्यंत पोचलेली होती, म्हणजे म्हापशाला गरा काढला तेव्हा थोडं आत राहिलं होतं, तेच वाढून वर आलं.

“तेव्हाच कळलं असतं,” देवकीने विचारलं, “तर?”

डॉक्टरबाईने पेनाला टोपण लावलं. “तर पुन्हा थोडंसं भोवतीचं काढलं असतं. बहुतेक छाती राहिली असती.”

सगुण हे ऐकायला आत नव्हता. तो बाहेरच्या बाकावर बसला होता, त्या सगळ्या दिवसांत तो बाहेरच बसायचा. मी बाहेर आले तर म्हणाला, “काय म्हणाली?” मी म्हटलं, “बायकोक इचार.” त्याने विचारलं नाही.

“काखेतलं काढायचं नाही,” डॉक्टरबाईने सांगितलं होतं, “ही जात तिथे सहसा जात नाही. किरणांचा शेक नाही, मोठी औषधं नाहीत. पूर्ण आणि स्वच्छ काढणं, हेच या गाठीवरचं औषध.”

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी देवकी मला म्हणाली, “वैनी, माका रडाक येवक होया ना? येणा नाय. नुसती झोप येता.”

“मग झोप.”

“झोपलंय तर उठतलंय मा?”

“नाय उठलंस तर मी तुझ्या घोवाशी लगीन करतलंय,” मी म्हटलं. “बघ बाये, सगुणाची दशा काय जातली ती.”

ती हसली. हसताना टाके-बिके काही नव्हते अजून, म्हणून पोटभर हसून घेतलं.

ती उठली. डावीकडे पट्ट्यांचा सपाट गठ्ठा होता आणि त्यातून एक नळी. पहिल्यांदा शुद्धीवर आली तेव्हा हात तिकडे गेला आणि परत आला. “हलका वाटता,” एवढंच बोलली. पुढे घरी आल्यावर मी तिला आतून कापसाची गादी लावलेला ब्लाउज शिवून दिला. तीनदा उसवला. एकदा गादी खाली घसरली, एकदा वर चढली. देवकी म्हणाली, “सोड गो, काजू काय बघतले माझ्याकडे?” तरी मी चौथ्यांदा शिवला.

काढलेली गाठ इस्पितळाचा माणूसच तपासणीला घेऊन गेला होता. सरस्वतीने त्याला दारात गाठून विचारलंच, “मागीर परत दितलास मा?” तो म्हणाला, “नाय गे आजी, जाळतात.” म्हातारी दोन दिवस जेवली नाही. माती नाही तर अग्नी, तोही देवच, असं मी तिला समजावलं. मला देवाधर्मातलं काय कळतं, पण तिने भात खाल्ला.

तपासणीचं उत्तर घ्यायला सगुण गेला. जुलै लागलेला, फेरीबोट पावसात डुलत होती, देवकीच्या जखमेची एक कड अजून ओली होती म्हणून तिने जायचं नव्हतं. संध्याकाळी तो चिंब भिजून आला, कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून छातीशी धरलेला. ओटीवर आम्ही तिघी बसलो होतो. त्याने चपला काढल्या आणि म्हणाला, “चांगला आला.”

त्याचा चेहरा खरा होता. मी सांगते ना, खरा होता. पण देवकीने कागदाकडे पाहिलं नाही, त्याच्याकडे पाहिलं नाही. पावसाकडे बघत ती म्हणाली, “वैनी, फाल्यां माझ्यावांगडा येतलंस?”

“ह्या पावसात? गो, कागद हो हयसर असा, मास्तराकडे नेवन वाचून घेवया...”

“माका तिच्या तोंडातसून आयकाचा असा.”

सगुण तसाच उभा राहिला, अंगावरून पाणी गळत. त्याला कोणी टॉवेल दिला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. चोपडे, शिवोली, म्हापसा, बेती. बेतीच्या धक्क्यावर देवकी एका दोरखंडाच्या ढिगावर बसली आणि म्हणाली, बोट जाऊ दे, पुढच्या बोटीने जाऊ. दुसरी बोटही गेली. मी तिच्यावर छत्री धरून उभी होते. तिसऱ्या बोटीच्या वेळेला ती उठली.

डॉक्टरबाईने जखम बघितली, कागद बघितला. “सगळ्या कडा स्वच्छ आहेत. काही राहिलेलं नाही. गाठ मधल्या जातीची होती, अगदी वाईट नाही, अगदी गरीबही नाही. म्हणून लक्ष ठेवायचं. सुरुवातीला दर तीन महिन्यांनी यायचं. नंतर कमी.”

“किती वर्सां?”

“बरीच.”

देवकीने मान हलवली. ओझं उतरवल्यावर लगेच अजून चढ बाकी आहे असं कळलेल्या माणसासारखी. बाहेर आल्यावर मी विचारलं, “गो, आनंद जावक नाय तुका?”

“जातलो,” ती म्हणाली. “घराक पावलंय की.”

परतीच्या बसमध्ये ती पूर्ण वाट झोपली.

सगुण पायरीवर बसला होता. आम्हाला बघून उठला. “काय म्हणाली?”

देवकी त्याच्या बाजूने आत गेली, भिंतीला पाठ लावून खाली बसली, पाय लांब केले. “चा करा.”

तो गेला. आतून भांड्यांचे आवाज आले, साखरेचा डबा कुठे असतो हे त्याने आईला विचारलं, ते आलं कानावर. चहा आणला तो निम्मा बशीत. देवकीने फुंकून फुंकून सगळा प्यायला. तोवर तो समोर उभा. मलाही त्याची कीव आली, पण मी तिथेच बसून राहिले, कारण मला बघायचं होतं.

कप खाली ठेवून ती म्हणाली, “सगळा निघाला. काय ऱ्हवूक नाय.”

सगुण खाली बसला.

“तीन महिन्यांनी परत बोलयलान,” ती म्हणाली. “वैनीक सारखी खय नेतलंय? तुमी येवचा. आणि भायर बाकार बसाचा नाय. आत येवन, ती काय सांगता ता तुमच्या कानांनी आयकाचा.”

“येतंय,” सगुण म्हणाला.

“आणि मी?” सरस्वती आतून ओरडली.

“तुमी घरा ऱ्हवा, आई!”

ती उठली नाही. तशीच भिंतीला टेकून तिने डोळे मिटले. सगुणाने कप उचलला, आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, सकाळची पहिली फेरीबोट किती वाजता सुटते.